आरोळीची बियर

हाल्वोरच्या मते बियर दोन प्रकारची असते, आरोळी मारलेली आणि बिनआरोळीची. दुसरीला तो बियर म्हणायलाच तयार नसे. जवाच्या कोमट रसात आंबवण्याचं विरजण पडलं, की त्याच क्षणी पिंपावर वाकून गळ्याच्या शिरा ताणून ओरडायचं. नाहीतर पिंपात नको ते शिरतं आणि बियर मुळमुळीत होते, असं वॉसच्या डोंगरातले सगळेच जुने लोक मानत. शास्त्र विचारणाऱ्याला हाल्वोर सरळ दाराबाहेर उभं करी. मुलीच्या, सिन्नोवेच्या, जन्माच्या बियरवर तर तो असा ओरडला होता, की पलीकडच्या उतारावरचा मॉन्स गोठ्याला आग लागली समजून बादली घेऊन धावत आला होता. ती बियर सिन्नोवे अठरा वर्षांची झाली तेव्हा फोडली. काळीभोर, मनुकांसारखी गोड लागली होती. मॉन्सने तीन पेले रिचवून बादलीचा हिशोब चुकता झाल्याचं जाहीर केलं.

गेल्या हिवाळ्यात हाल्वोरच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेने जीव वाचला, आवाज गेला. आता त्याच्या तोंडून फक्त कुजबुज निघे, तीही कान जवळ नेला तर.

आणि आता सिन्नोवेला मुलगी झाली होती. हेरबोर्ग, सहा महिन्यांची. घरच्या रीतीप्रमाणे तिच्या नावाची बियर तळघरात ठेवायची होती. अठरा वर्षांनी आपण त्या टेबलाशी नसणार, हे हाल्वोरला चांगलं ठाऊक होतं. त्याचं त्याला फारसं काही वाटत नव्हतं. पण आपली बियर तरी तिथे असावी, आणि ती धड असावी, एवढ्यावर त्याचा जीव अडकला होता.

"बाबा, नवीन कशाला करतोस?" सिन्नोवे तळघरातून एक बाटली घेऊन वर आली. "मागच्या नाताळची ही शेवटची उरलीय. तू ओरडलेली शेवटची. हीच ठेवू या ना हिच्यासाठी."

हाल्वोरने बाटली उजेडात धरली. नाताळची बियर हलकी, सणात पिऊन संपवायची. अठरा वर्षांत तिचा शुद्ध सिरका होणार. पण हे मुलीला सांगायला त्याची जीभ रेटेना. तिला त्या बाटलीत बियर दिसत नव्हतीच, बापाचा आवाज दिसत होता. त्याने बाटली फडताळात ठेवली आणि चुलीत लाकडं घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाण्यात जुनिपरच्या सुवासिक झुडपाच्या फांद्या उकळत होत्या. मोड आणलेल्या जवाचा पहिला दाट रस तेवढा त्याने घेतला आणि आटवत आटवत पार लाल केला. टिकणारी बियर अशीच करतात. आरोळीचं काम जावयाकडे आलं. आमुंड बर्गन शहरातला, शाळेत संगीत शिकवणारा, आणि शेजाऱ्याला त्रास होईल म्हणून शिंकसुद्धा दाबणारा.

"गोठ्यात सराव केलाय मी," तो म्हणाला.

"गाईंना विचारलं मी," सिन्नोवे म्हणाली. "त्यांनी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही म्हणे."

"बाबा, तुम्हीच सांगा, किती मोठ्याने ओरडू?"

हाल्वोरने त्याचा कान जवळ ओढला. "जावईबापू, लाज वाटेल इतक्या मोठ्याने."

रस निवत आला. हाल्वोरने कोपर बुडवून पाहिलं. तान्ह्या बाळाच्या अंघोळीच्या पाण्याइतका कोमट. सिन्नोवे हेरबोर्गला कडेवर घेऊन पिंपाच्या पलीकडे उभी राहिली. हाल्वोरने विरजणाचा तांब्या उचलला, आमुंडकडे पाहून मान हलवली आणि ओतला.

आमुंडने छाती भरून श्वास घेतला. त्यातच चूक झाली. चुलीचा सगळा धूर त्याच्या छातीत गेला, आणि आरोळीऐवजी असा ठसका लागला, की तो गुडघे धरून खालीच बसला.

विरजण फेसात उतरत चाललं होतं. क्षण हातचा जात होता. हाल्वोर सवयीने पिंपावर वाकला, डोळे विस्फारले, शिरा ताणल्या, जबडा होता तितका उघडला. नुसती हवा आली. तो तसाच वाकलेला राहिला, उघड्या तोंडाने. त्याला रडू फुटत होतं, आणि त्यालाही आवाज नव्हता.

हेरबोर्गने समोरचा तो आ वासलेला लालबुंद चेहरा पाहिला. तिचा ओठ थरथरला. मग तिने अशी किंकाळी फोडली, की फडताळातले पेले वाजले.

श्वास घेऊन तिने आणखी एक फोडली.

दार ढकलून मॉन्स आत आला. कोण काय करतंय हे बघायला तो अंगणापर्यंत आलाच होता. "हाल्वोर, लेका! आवाज परत आला की काय तुझा?"

पिंपात पहिले बुडबुडे वर येत होते. हाल्वोरने डोळे पुसले, भिजलेलं कोपर पुसलं, आणि नातीला सिन्नोवेच्या कडेवरून घेऊन थोपटत राहिला. ती गप्प झाल्यावर तिला आमुंडच्या हातात देऊन तो फडताळापाशी गेला. नाताळची बाटली काढून त्याने बुचाला हात घातला.

"बाबा, नको!" सिन्नोवेने त्याचं मनगट धरलं. "तुझा आवाज आहे रे त्यात. पुन्हा मिळणार आहे का तो?"

"म्हणून तर," हाल्वोर कुजबुजला. ऐकायला सगळेच जवळ सरकले. "ही टिकायची नाही पोरी. आत्ता चांगली आहे, आत्ता पिऊ. मी पण आहे."

त्याने बूच काढलं. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अर्धा पेला आला. सिन्नोवेने बापाकडे बघत घोट घेतला. ती रडत होती आणि बियर झकास होती. मॉन्सने पेल्यातला शेवटचा थेंबसुद्धा सोडला नाही.

हाल्वोरने पिंपावर स्वच्छ फडकं बांधलं. मग मुलीचा कान जवळ ओढला.

"ही बियर फोडाल तेव्हा तिला सांग," तो म्हणाला. "आजोबाने नुसतं तोंड उघडलं होतं. ओरडली तीच."