डोलीचे दुसरे टोक

मी एक जुनी घोंगडी आहे, मित्रांनो, आणि मी टोचते. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून तक्रार नको. १९५४ साली म्हसाच्या जत्रेत एका धनगराने मला ताणून दाखवले आणि सिद्धगडाच्या पायथ्याच्या धर्माने मला घरी आणले. पावसात मी त्याची खोळ होते, थंडीत पांघरूण. शेजारी माझी तारीफ करत आणि मी फुगून जाई.

घरात कोणी आजारी पडले, की मला बांबूला बांधून डोली करत. पुढे एक जण, मागे एक. धर्मा आणि बाईजाची दोन लेकरे मी अशीच म्हसाच्या दवाखान्यात नेली. त्यांची छाती कफाने भरायची, औषधाने उतरायची, महिन्याभरात पुन्हा भरायची. दोघांच्याही शेवटच्या खेपेला मी रिकामी परत आले.

धर्माची आई सकुबाई सुनेला म्हणाली, "तुझा पायगुणच वाईट गो." ही सून तिच्या सख्ख्या भावाची मुलगी, तिनेच हौसेने मागून आणलेली! मला सकुबाईचा फार राग आला. बाईजा रडली नाही. "आत्या, बुधीला मी जाऊ देणार नाय," एवढेच म्हणाली. तिच्या धाकट्या लेकीची, तीन वर्षांच्या बुधीचीही छाती आता वाजू लागली होती.

१९६१ साली दवाखान्यात नवे डॉक्टर आले. त्यांनी घरातली सारी नाती विचारली आणि बुधीचे रक्त मुंबईला पाठवले. उत्तर आल्यावर त्यांनी सगळ्यांना समोर बसवले.

"छातीतल्या जंतूंशी लढायचे बळ हिच्या रक्तात जन्मापासूनच कमी आहे. हा दोष आईकडून आणि बापाकडून, दोघांकडून आला तरच मूल आजारी पडते. एकाकडूनच आला, तर माणूस ठणठणीत असतो."

"मंग माझ्या धर्मात कुठनं आला?" सकुबाईने विचारले.

"बहुतेक तुमच्याकडून, आजी. आणि तुमच्या भावाकडून बाईजाला. दोघे एकाच घरचे."

सकुबाईने उठून बुधीला माझ्यात निजवले.

इलाज होता. दर महिन्याला एक सुई, खंड न पाडता. वाट तीन कोसांची आणि बुधीला चालताना धाप लागे. एक टोक धर्माचे. दुसरे टोक काही महिने शेजाऱ्यांनी धरले, मग ते कंटाळले, तेव्हा बाईजाने धरले. ऐन लावणीत धर्माच्या पायात खोल काटा गेला आणि सुईचा दिवस तर उद्यावर आला.

सकाळी बाईजाने मला बांधले. मागे कोणीच नव्हते. तेवढ्यात सकुबाई पदर खोचून आली.

"आजी, नुसत्या बायांनी डोली उचलायची नाय," शेजारचा गोमा म्हणाला.

"दोष माझ्या घरचा, तर खांदा पण माझाच," सकुबाई म्हणाली. "बाईजा, हो पुढं."

माझा राग तिथेच विरघळला.

आता बुधी सात वर्षांची आहे. सुईला स्वतःच्या पायांनी जाते. मला भोके पडलीत. तरी तिने मला गोठ्यात टाकू दिले नाही. मित्रांनो, जुन्या घोंगडीला अधूनमधून ऊन दाखवा, तेवढे तिला पुरते. आणि एखाद्या घरचे मूल पुन्हा पुन्हा धापा टाकू लागले, तर त्याच्या आईचा पायगुण बघत बसू नका. डोलीचे दुसरे टोक धरा.