देवीला वाहिलेली मच्छरदाणी

मी एक जुनी मच्छरदाणी आहे. मित्रांनो, माझा जन्म मानवजातीच्या रक्षणासाठी झाला. हे मी म्हणत नाही. आमचे वाटप झाले तेव्हा एक साहेब माईकवर तसे म्हणाले होते. त्यानंतर मानवजातीने मला घरी नेले, अंगणात पसरले आणि माझ्यावर मोहफुले वाळत घातली.

वय विचाराल तर मला जेमतेम वर्ष झाले आहे. पण माणसांच्या घरात वर्ष काढले की वस्तू जुनी होते. माणसेही होतात.

एका मोठ्या कारखान्यात माझा धागा निघाला. त्या धाग्यातच औषध मुरवलेले होते. डास टेकला की मेला, अशी माझी ख्याती. आम्हा बहिणींच्या घड्या घालून गठ्ठे बांधले आणि ट्रकमध्ये टाकले. चंद्रपूर मागे पडले, मग दोन्ही बाजूंनी जंगल लागले आणि धानोऱ्याच्या पुढे एका खेड्यात चिंचेखाली आम्हाला उतरवले. तिथे धनराज नावाच्या तरुण ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या, हाती मी पडले.

त्याचे घर लहान होते. बायको रोशनी, पहिलीत जाणारी चंचल, नुकताच चालू लागलेला सोनू आणि धनराजची आई भागीरथा. घराच्या मागे तलाव. तलावात मासे धनराजचे, वरचे डास सगळ्या गावाचे.

माझ्या पाकिटावर एक चित्र होते. मासा, आणि त्यावर लाल फुली. या जाळीने मासे धरू नका, पाण्यात औषध उतरते, असा त्याचा अर्थ. धनराजने पाकीट उलटसुलट करून पाहिले.

"याच्यात मासे अडकत नाई म्हणून राह्यले," तो म्हणाला. "ढिवराले सांगून राह्यले!"

त्याला तो घराण्याचा अपमान वाटला. चैत्रात मी मोहफुलांखाली होते, आषाढात त्याने मला धानाच्या बांधीत साचलेल्या पाण्यात उतरवले. झिंगे भरपूर मिळाले. चार दिवस सगळ्या घराने झिंग्यांची भाजी खाल्ली आणि पाकिटावरचे चित्र खोटे ठरले, असे सर्वांचे मत पडले. गावच्या आशा कार्यकर्त्या मंजुषाताई रस्त्याने जात होत्या. मला दांडीवर ओलीचिंब लोंबताना पाहून त्या थांबल्या.

"काऊन गा धनराज, हे पोराइवर टाकाले देली का झिंग्याइवर?"

"रात्री टाकतो न ताई."

"आन दिवसभर धुतं! औषध निंगून जाते तिच्यातलं. वास कसा मारून राह्यली पाय."

रात्री टाकतो, हे तसे खोटे नव्हते. कधी टाकत, कधी विसरत. धान रोवण्याचे दिवस होते. रोशनी दिवसभर चिखलात वाकून येई. चूल पेटवी, लेकरांना भरवी आणि भिंतीला टेकली की तिथेच झोपे. धनराज पहाटे जाळे घेऊन तलावावर आणि दिवसा दुसऱ्याच्या बांधीत. इतक्या दमलेल्या माणसांनी चार खिळ्यांना चार दोऱ्या बांधाव्यात, अशी अपेक्षा फक्त माईकवरून करता येते. मी कोपऱ्यात पडून डासांची ये-जा पाहत असे. चंचलने मात्र माझा चांगला उपयोग केला. ती मला डोक्यावरून घेऊन नवरी होई आणि बकरीला नवरदेव करी. बकरी मला खाऊ पाही. लग्नांचा अनुभव मला एवढाच.

भाद्रपदात सोनूला ताप आला. थंडी वाजून आला, घाम येऊन उतरला आणि पुन्हा आला. मंजुषाताईंनी त्याच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला, पट्टीवर टाकला आणि मान हलवली. मलेरिया. त्यांनी गोळ्या दिल्या. त्या घराबाहेर पडल्या तशी भागीरथा देवाच्या कोनाड्याकडे वळली.

"शारदामाय," ती म्हणाली, "माह्या नातवाले उठून बसव. घरात जे सगळ्यात नवं असन ते तुले वाहीन."

सोनू गोळ्यांनी उठून बसला, की देवीने बसवला, हे मला सांगता येणार नाही. मी कोपऱ्यात होते. बसला खरा. मग घरात सगळ्यात नवे काय आहे ते पाहू लागले. भाताचा गंज जुना, चटई जुनी, धनराजची सायकल त्याच्या बापाची. त्या वर्षात घरात नवी अशी मीच आले होते.

अशा रीतीने, मित्रांनो, डासामुळे आलेला ताप बरा केल्याबद्दल देवीला मच्छरदाणी मिळाली.

नवरात्रात गावाच्या चौकात शारदेचा मांडव पडला. मला आधी तीनदा धुतले, कारण देवीला झिंग्यांचा वास चालत नाही. उरलेसुरले औषधही त्यात गेले असावे. मग धनराजने स्वतः मला मूर्तीच्या मागे ताणून बांधले. ढिवराची गाठ ती. पाण्यात भिजली तरी सुटत नाही आणि दुसऱ्याला उकलत नाही. माझ्यावर चमकीच्या माळा सोडल्या. मंडळाचा अध्यक्ष देवानंद म्हणाला, "मस्त दिसून राह्यलं, भाऊ." आयुष्यात माझी पहिली स्तुती झाली. समोर बसून सारे गाव आरती म्हणे, टाळ्या वाजवी. अर्ध्या टाळ्या डासांसाठी असत.

चौथ्या माळेला सोनूला पुन्हा ताप आला.

मंजुषाताई पुन्हा आल्या. त्यांनी सोनूच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली.

"पांढरा पडला पोरगा," त्या रोशनीला म्हणाल्या. "आंगात रक्तच नाई. गोळ्या देतो, पन आता तिसऱ्यांदा ताप आला त नाई झेपनार याले, बई. मच्छरदानी कुठी हाये तुही?"

रोशनीने चौकाकडे बोट दाखवले. मंजुषाताईंनी पिशवी उचलली. त्यांना अजून सात घरी जायचे होते.

दुपारी रोशनी मांडवात आली. काखेत सोनू, मागे सासू.

"देवानंदभाऊ, मच्छरदानी सोडून द्या मले."

"वहिनी, देवीची वस्तू हाये ते. असी कसी नेता?"

"देवीले मलेरिया होते का?"

"नाई होत."

"मंग?"

देवानंद पदवीधर होता, पण हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता. भागीरथा पुढे आली. ती घाबरलेली होती. नातवासाठीच घाबरलेली होती.

"रोशनी, नोको करू असं. बोललेलं वापस घेतलं त कोप होते, व. लेकरावरच येते."

"आत्या, कोप माह्यावर होऊ द्या. मच्छर मातर याच्यावर येते."

"मांडव उघडा पडन नं वहिनी," देवानंद म्हणाला. "मागं पडदा काय लावाचा?"

रोशनी घरी गेली आणि आपल्या लग्नाचा शालू घेऊन आली. लाल, जरीच्या काठाचा. चंचलच्या लग्नात नेसायचा म्हणून तिने तो जपून ठेवला होता. "हे लावा," ती म्हणाली.

 देवानंद स्टुलावर चढून माझ्या दोऱ्या सोडू लागला. नख तुटले, गाठ हलली नाही. त्याने कात्री मागवली.

"कापू नोको," मागून आवाज आला. धनराज होता. तलावावरून आला होता आणि बराच वेळ मांडवाच्या खांबाआड उभा होता. त्याने आईकडे पाहिले नाही, बायकोकडेही पाहिले नाही. मूर्तीला हात जोडले, वर चढला आणि चारही गाठी एकामागून एक सोडल्या. मग मला खांद्यावर टाकून, मासे धरून घरी न्यावेत तसा चालू लागला. भागीरथा तिथेच बसली आणि देवीची समजूत काढत राहिली. संध्याकाळी घरी येऊन तिनेच माझी भोके शिवली.

त्या दिवसापासून मी सोनूवर आहे. औषध गेलेले, वीस ठिकाणी टाके घातलेले, तरी आहे. कोणी कितीही दमलेले असो, दिवे लागायच्या आधी चार दोऱ्या चार खिळ्यांना जातात. धान कापणीच्या दिवसांत रोशनीला उभ्याउभ्या झोप येई. एक दोरी बांधून झाली की ती क्षणभर भिंतीला डोके टेकी, मग दुसरी बांधी. मी वस्तू आहे. मला थकवा येऊ नये. पण तिला पाहून यायचा.

सोनूला तिसरा ताप आला नाही. माघात तो बकरीमागे धावू लागला. मंजुषाताई म्हणतात, गोळ्यांचा गुण. देवानंद म्हणतो, शारदेची कृपा. भागीरथा म्हणते, शालू देवीला आवडला. माझे नाव कोणी घेतले नाही. माझी तक्रार नाही. जो ताप आलाच नाही, तो कोणामुळे आला नाही हे कोण सांगणार?

मित्रांनो, इतर वस्तू आपल्या आत्मवृत्ताच्या शेवटी तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा. माझी विनंती उलटी आहे. मला जपू नका. मला रोज बांधा, मळू द्या, फाटू द्या, शिवा आणि पुन्हा बांधा. घडी घातलेली मच्छरदाणी डासांची फार सोय करते.

गेल्या आठवड्यात गावात पुन्हा वाटप झाले. धनराजच्या घरीही एक नवी मच्छरदाणी आली. औषध ताजे, भोक एकही नाही. रोशनीने ती डांबरगोळ्या घालून पेटीत ठेवली आहे. पाहुणे आले की काढणार.