हुंकार

झुंबरबाईच्या ओठांच्या कडेला सुकलेली पेज तोताराम ओल्या फडक्यानं पुसत होता. तेवढ्यात जितेंद्र खाटेवर वाकला आणि सुटत्या गाडीतल्या माणसाशी बोलावं तसा आईच्या कानाशी ओरडला, "माय, जळगावले नेऊ ना तुले? ऑपरेशन करायचं ना?"

"हं," झुंबरबाई म्हणाली.

जितेंद्र ताठ उभा राहिला. चार रात्रींचं जागरण त्याच्या डोळ्यांत होतं, तरी चेहरा एकदम हलका झाला. "हो म्हणाली. ऐकलं ना, आबा?"

"ऐकलं."

"डॉक्टरनं हेच सांगितलं होतं. डोकं उघडायचं म्हणजे टेबलावरून परत येईलच असं नाही, न उघडलं तर घरी किती दिवस ते देवाला माहीत. पेशंटच्या मनात काय आहे ते विचारा, म्हणाले. विचारलं."

डिंपल पिशवीत सासूचं लुगडं घडी करून ठेवत होती. धुळ्याची पोर; घाईत माहेरची बोली तोंडात यायची. "आत्याबाईंना बठ्ठं, सगळं समजतं. तोंड तेवढं चालत नाही," ती म्हणाली. ॲम्ब्युलन्स दुपारच्या आत येणार होती.

तोतारामानं फडकं पिळून खाटेच्या दांडीवर टाकलं. "'हो' म्हणाली नाही ती. नुसता हुंकार दिला तिनं."

"आबा, आता नको."

रावेरच्या केळीच्या गाड्यांबरोबर माल पोचवण्यात तोतारामाची सारी हयात गेली होती. जाताना केळी न्यायची, येताना थापा भरून आणायच्या. थापा मारण्यात तालुक्यात त्याचा हात धरणारा नव्हता. तो स्वतःही हे कबूल करायचा, पण तीही एक थापच असणार, असं लोक म्हणत. त्या सगळ्या थापा पहिल्यांदा ऐकल्या झुंबरबाईनं. चुलीपुढं बसून, भाकरी थापता थापता. इकडं रीतच आहे, गोष्ट एकट्यानं सांगता येत नाही. सांगणारा थांबला की ऐकणाऱ्यानं 'हं' म्हणायचं, म्हणजे गोष्ट पुढं चालते. हुंकार आला नाही तर ऐकणारा झोपला असं समजून गोष्ट आहे तिथं ठेवून द्यायची. तशीच रेटली, तर ती ऐकायला भलतंच कुणी येऊन बसतं.

लकव्यानं झुंबरबाईचं सगळं नेलं. नावं नेली, शिव्या नेल्या, देव नेले. हा एवढा हुंकार तेवढा राहून गेला.

"बस खाली," तोताराम पोराला म्हणाला. "गाडी येईपर्यंत बस." मग त्यानं बायकोचा उजवा हात, जिवंत राहिलेला, आपल्या हातात घेतला. "एकदा काय झालं, एक गाडी शब्द भरून निघाली."

"हं."

"केळीवानी घडच्या घड शब्द. पालच्या घाटात उलटली."

"हं."

"मोठाले शब्द जड, ते गाडीखाली चेंगरले. बारके घरंगळत सुटले. जिकडून तिकडून लोक धावले आणि पदर भरभरून घेऊन गेले. आता 'बा' घ्या. आपल्याकडे राहिला तो बापाच्या मानेवर बसला. गुजरातेत गेला तो आईला बिलगला. कानडी मुलखात तर त्याले ना आई ना बाप. तो आपला दारात उभा राहतो अन् म्हणतो, ये."

"हं."

"'मी' तेलंगी माणसानं नेला. तिकडं 'मी' म्हणजे तुमचं. अन् आपल्याकडे? सगळा मीच मी!"

"हं," झुंबरबाई म्हणाली. तिच्या ओठाची चांगली बाजू जराशी वर गेल्यासारखी वाटली.

जितेंद्र गुडघ्यावर हात ठेवून पुढं झुकला. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता. "माय, ऑपरेशन नको का करू?"

"हं."

"घरीच राहायचं तुले?"

"हं."

"माय, मी कोण आहे?"

"हं."

बाहेर कुणाची तरी बकरी ओरडली. डिंपलनं पिशवीची चेन अर्धी लावून सोडून दिली.

"तुमची गोष्ट तुमच्यापाशीच ठेवायची होती, आबा," जितेंद्र म्हणाला. "मले तिचं एक हो मिळालं होतं."

"तेच तर. तुले ते ओझं खांद्यावरून उतरवायचं होतं."

"मग तुम्ही सांगा. नेऊ का नको?"

तोताराम बायकोच्या हातावरच्या गोंदणावरून अंगठा फिरवू लागला.

"म्हणजे मीच," जितेंद्र म्हणाला. त्यानं खिशातून फोन काढला. "नेतो. काय व्हायचं ते होईल." बोलत बोलत तो बाहेर ओट्यावर गेला. डिंपल थर्मास घेऊन त्याच्यामागं गेली.

खोलीत दोघंच उरली. तोतारामानं घसा खाकरला.

"तर सगळे बारके शब्द लोकांनी नेले. घाटात एक उरला. इतका बारका की त्याले अर्थच नव्हता. कुणी उचलेना."

तो हुंकारासाठी थांबला.

पत्र्यावर उन्हानं काहीतरी कडकन वाजलं. त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं नाही. हातातला हात हळूच शालीखाली सरकवला, शालीची कड नीट केली आणि पुढं सांगायला लागला. "अन् मग एक बाई आली डोक्यावर सरपण घेऊन अन् तिनं तो उचलला अन् सरपणात खोवला अन् घरी गेली तर नवरा दारात बसलेला अन् तो म्हणाला एकदा काय झालं अन् ती म्हणाली अन् तो म्हणाला अन् –"

बाहेर गाडी वळल्याचा आवाज आला. दार उघडलं.

"आबा, गाडी आली. उठा."

तोतारामानं न वळता हात वर केला. जितेंद्र उंबऱ्यावरच थांबला. बापाला धाप लागली होती, शब्द एकमेकांवर आदळत होते, तरी तो सांगतच होता. लहानपणापासून हजारदा कानावर पडलेली ती गोष्ट सांगायची पद्धत जितेंद्रला पाठ होती. आज तिच्यात हुंकाराला काय, श्वास घ्यायलाही कुठं जागा सोडलेली नव्हती.