अडतीस गुणी गिऱ्हाइकं

"चार रोज झाले, एक गिऱ्हाईक भांडलं नाई माह्यासंगं. कानाले जंग लागून राह्यला." तक्रारींचे फोन घेणारी जया हेडफोन गळ्यात टाकून स्वतःशीच पुटपुटली. तिच्या आणि मोहिनीच्या खुर्चीत वीतभर अंतर होतं, त्यामुळे आदेश वेब होस्टिंगमध्ये स्वतःशी पुटपुटलेलंही जाहीर सभेत बोलल्यासारखंच व्हायचं. मोहिनीने ऐकलं, आणि ऐकलं नाही असं दाखवायला समोरच्या वहीत एक रेघ आखली. रेघेची काही गरज नव्हती.

बाहेर पाटीवर 'चोवीस तास सेवा' असं लिहिलेलं होतं. शटर साडेसातला पडायचं. वर्ध्यात याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. साडेसातनंतर कुणाला सेवा हवी असलीच तर तो आदेशच्या घरी येऊन बेल वाजवायचा.

जागा नत्थूजींची. ते आदेशचे वडील आणि मोहिनीचे सासरे. आधी इथे त्यांचं सायकलचं दुकान होतं. आता ते दारात खुर्ची टाकून बसत आणि हा धंदा काय आहे ते येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगत. लोक वेबसाइट काढतात, ती ठेवायला जागा लागते, ती जागा पोरगा भाड्याने देतो. गोदामच म्हणा, फक्त दिसत नाही. ऐकणारा मान डोलवायचा आणि न दिसणाऱ्या गोदामाला कुलूप कसं लावतात, असं विचारायचा.

तर ते कुलूप म्हणजे मोहिनी.

पाच वर्षांपूर्वी ती इथे फक्त दिराचा, म्हणजे आदेशचा, डबा घेऊन यायची. त्या सुमारास कुणी एका परदेशी नावाच्या सद्गृहस्थाने चोरलेल्या कार्डावर इथे जागा घेतली आणि तिच्यात एका बँकेची हुबेहूब नकली वेबसाइट थाटली. त्याचं पाप आदेशच्या सर्व्हरला लागलं, तो काळ्या यादीत गेला. एक मंगल कार्यालय आणि दोन कोचिंग क्लास यांचे ईमेल अकरा दिवस कुठेच पोचेनात. आदेश डोक्याला हात लावून बसला होता. मोहिनीने डबा ठेवता ठेवता त्याच्या खांद्यावरून स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाली, या माणसाच्या पत्त्यात नुसता जिल्हा आहे. घर नाही, गल्ली नाही, कुणाच्या घरामागे तेही नाही. नुसत्या जिल्ह्यात कोण राहते हो, भाऊजी?

दुसऱ्या दिवशी आदेशने तिला खुर्ची दिली. वहिनी बारावी, कॉम्प्युटरचं काय करतील, असं घरात चारचौघांनी विचारलं. विचारणाऱ्यांत तिचा नवरा गोपालही होता. आदेशने उत्तरादाखल खुर्चीवर टाकायला उशी आणली. ती उशी मोहिनी अजून विसरलेली नव्हती. गोपालचा प्रश्नही.

ऑर्डरी तपासायला आदेशने एक सॉफ्टवेअर घेतलं होतं. ते प्रत्येक गिऱ्हाइकाला लबाडीचे शंभरपैकी गुण द्यायचं. गिरडच्या एका सज्जन मास्तरांना त्याने एक्याण्णव दिले. फोन भावाच्या नावाचा, कार्ड पोराचं, ईमेल भाचीने काढलेला आणि पत्ता 'दर्ग्याच्या टेकडीखाली, कोणालेही विचारा'. त्या सॉफ्टवेअरच्या हिशेबाने अख्खा समुद्रपूर तालुका ही एक टोळी होती. मोहिनीने मास्तरांना फोन लावला. त्यांनी पहिली पाच मिनिटं दर जास्त आहे म्हणून वाद घातला, पुढची पाच, फोन लवकर का केला नाही म्हणून. तिने ऑर्डर मंजूर केली.

तिचं शास्त्र एवढंच होतं. खरं गिऱ्हाईक कुरकुरतं. लबाड कधी घासाघीस करत नाही. त्याला सगळं पसंत असतं, तो सगळ्यात मोठा प्लॅन घेतो आणि आभार मानतो. म्हणून तिच्या वहीत नाव, गाव आणि तिसरा रकाना 'पहिली कुरकुर' असा होता. मंगल कार्यालयवाल्यांपुढे लिहिलं होतं, 'साइट लावली, मग लग्नं काऊन येऊन नाई राह्यले?' दातांच्या डॉक्टरांपुढे, 'फोटोत काळा दिसतो.' पाच वर्षांत या वहीतून एकही चोर आत आला नव्हता. सॉफ्टवेअरने सात जणांना आत सोडलं असतं.

आणि ही वही आता नागपूरला प्रसिद्ध झाली होती.

झालं असं, की नागपूरच्या एका मोठ्या कंपनीला हा धंदा विकत हवा होता. तिचा माणूस रजत चकचकीत बूट घालून महिन्यापूर्वी येऊन गेला. अट एकच: चालू गिऱ्हाइकं चारशे हवीत. तेवढी असली तर ऑफिस इथेच राहील, मोहिनी आणि जया दोघींच्या नोकऱ्याही राहतील. नसली तर कंपनी दुसरीकडे बघेल. आदेशकडे तर पुढची दिवाळी काढायचा दम उरलेला नव्हता, आणि नत्थूजींकडे मोबाइलची कव्हरं विकणारा एकजण जागेसाठी दोनदा चक्कर मारून गेला होता. रजत आधी वही बघून हसला. नंतर त्याने तिचे फोटो काढून वर पाठवले, आणि वरून निरोप आला: मॅडमची सही झालेली यादीच धरू.

गिऱ्हाइकं तीनशे बासष्ट होती. पुढच्या पंधरा दिवसांत अडतीस नवी आली. बरोबर अडतीस. एकोणचाळिसावं काही आलं नाही. वर्धा जिल्ह्याचा उत्साह चारशेला पोचला आणि तिथेच थांबला.

सॉफ्टवेअरने प्रत्येकाला लबाडीचे दोन-दोन गुण दिले. अशी गुणी गिऱ्हाइकं त्याने आजवर पाहिली नव्हती. पिनकोड बरोबर, तालुका बरोबर, वडिलांचं नाव पूर्ण. कुणी फोन केला नाही, कुणी वाद घातला नाही, कुणी घेतलेल्या जागेत काही ठेवलंसुद्धा नाही. नत्थूजींनी पेढे वाटले. पेढा घेताना जयाने फोनकडे बघितलं, मोहिनीने वहीकडे, आणि आदेशने पंख्याकडे.

मोहिनी एकेक ऑर्डर उघडत गेली. वच्छलाबाईंच्या पत्त्याची दुसरी ओळ तिने दोनदा वाचली: 'कुत्र्यापासून जपून.' हे वाक्य ओळखीचं वाटलं. का ओळखीचं वाटलं ते कळल्यावर तिने चहा सांगितला.

सहा वर्षांपूर्वी आदेशच्या लग्नाच्या पत्रिका वाटायची यादी तिनेच केली होती. मोटरसायकलवर जाणाऱ्याला सोपं जावं म्हणून रस्त्याच्या क्रमाने: आधी सेवाग्राम, मग हिंगणघाट, मग समुद्रपूर, शेवटी गिरड. वच्छलाबाईंचं कुत्रं आधीच्या लग्नात पत्रिका वाटणाऱ्याला चावलं होतं, म्हणून तिने तशी नोंद केली होती. आता या ऑर्डरीसुद्धा त्याच रस्त्याने आल्या होत्या. पहिल्या आठवड्यात सेवाग्राम, दुसऱ्यात हिंगणघाट, परवा गिरड. आणि गिरडच्या तिघांत मधलं नाव नात्यातल्या रूपरावजींचं होतं.

रूपरावजी जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांनी तीन वर्षांचा प्लॅन घेतला होता. माणूस पहिल्यापासून आशावादी.

आपल्या एकटीलाच हे कळलं आहे, असं मोहिनीला अर्धा दिवस वाटत होतं. मग तिच्या ध्यानात आलं, की नत्थूजी दोन दिवसांपासून विचारत होते, 'गिरडपर्यंत आले काय?' घरी गोपालचा जुना फोन कपाटातून गेला होता आणि त्याबद्दल गोपाल, जो चमचा हरवला तरी घर डोक्यावर घेतो, एक शब्द बोलला नव्हता. जयाच्या तर कानालाच कळलं होतं. घरात आणि दुकानात मिळून एवढी एकी गेल्या दहा वर्षांत झाली नव्हती.

दुपारी आदेश दोन कप घेऊन तिच्या टेबलाशी आला. तपासणी झाली का, असं त्याने विचारलं. चालू आहे, असं ती म्हणाली. कप ठेवायला तो वाकला. चाळिशीही न आलेल्या माणसाच्या कानामागे एवढे पांढरे केस कधी झाले, ते तिने पहिल्यांदाच पाहिलं.

"वहिनी, तुमची खुर्ची राह्यली पाहिजे," तो म्हणाला. "बाकी माह्यं काही नाई."

ते खरं होतं, आणि म्हणूनच जड होतं. दोघांनी मोठ्या मायेने खोटं बोलायचं टाळलं, आणि खरंही.

तो गेल्यावर तिने वही ओढली आणि पाच वर्षांत केलं नव्हतं ते करायला बसली. सेवाग्रामच्या बंडूजींपुढे लिहिलं, 'स्पीड कमी.' वच्छलाबाईंपुढे, 'पासवर्ड ध्यानात राहत नाही.' लेखणी अशी चालली की तिचं तिलाच कौतुक वाटलं. चोर व्हायला फारशी हुशारी लागत नाही, चांगलं अक्षर पुरतं. अशा छत्तीस-सदतीस कुरकुरी तिने कशिद्यासारख्या भरल्या, आणि रूपरावजींपाशी तिचा हात थांबला.

कारण त्यांची कुरकुर तिला ठाऊक होती. आदेशच्या लग्नात तीन पंगती जेवून ते थेट तिच्याकडे आले होते. वांग्याच्या भाजीले तर्री नाई, सूनबाई, म्हणाले होते, अन् असं लग्न मी दुश्मनाचंही पाहिलं नाई. मग जाताना भाजीचा डबा मागून नेला होता. त्यांच्या तेरवीला तिने वाढणाऱ्याला मुद्दाम सांगून भाजीवर तर्रीचा थर देववला होता. त्या माणसाच्या तोंडी 'स्पीड कमी' कसं घालायचं? तिने तो रकाना रिकामाच ठेवला आणि वही मिटली.

सोमवारी रजत आला. पेढा खाल्ला, बूट पुसले, वही उघडली. बोट वरून खाली फिरवत आला आणि एका जागी थांबला. मॅडम, इथे काही लिहिलं नाही, असं तो अदबीने म्हणाला. सगळ्यांचं आहे, यांचंच नाही. हरकत नसेल तर एक फोन लावून बघतो.

आदेशने तत्परतेने सांगितलं की गिरडकडे रेंज नसते. नत्थूजींनी दुजोरा दिला: रूपराव पहिल्यापासून कमी बोलणारा. जया म्हणाली, ते बाहेरगावी असतात. आणि तसं पाहिलं तर तिघांपैकी जयाच खरं बोलली होती.

रजतने नंबर लावला. आदेशच्या टेबलाच्या खणात काहीतरी घरघरलं. स्टेपलर आणि पिनांच्या मधून ते चांगलंच घुमत होतं. जयाला खोकला आला. नत्थूजी उठून दाराबाहेर पाऊस आहे का ते पाहू लागले. ऊन रणरणत होतं. रजतने खणाकडे पाहिलं, मग फोन बंद केला. खण गप्प झाला.

त्याच्या कपाळावर घामाचा एक थेंब होता. त्यालाही वर काहीतरी दाखवायचं होतं, वर्धा-यवतमाळ मिळून अमुक इतकं. नेटवर्क इश्यू असेल, असं म्हणत त्याने यादी मोहिनीपुढे सरकवली, सहीच्या जागेवर बोट ठेवलं आणि आपलं पेनही उघडून दिलं.

पेन महागाचं होतं. मोहिनीने ते हातात घेतलं. पाठीशी उशी होती. समोर आदेश उभा होता, आणि तो पंख्याकडे नाही, तिच्याकडे बघत होता. तिने पेनाला टोपण लावून ते यादीवर आडवं ठेवलं.

"रूपरावजी वारले," ती म्हणाली. "तीन वर्ष झाले. तेरवीले मी स्वतः जेवली. अन् बाकीचे सदतीस भाऊजीच्या लग्नाचे पाहुणे आहेत, गिऱ्हाईक नाई. गिऱ्हाईक आपल्याजवळ तीनशे बासष्टच आहेत."