एकदा खाली, मग एंटर

कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं मला वाचून दाखवणारा प्रोग्रॅम एका अपडेटनंतर मुका झाला. कंपनीला फोन केला, तर म्हणाले, नवीन विकत घ्या. मी म्हटलं, गेलात खड्ड्यात.

अंधशाळेपासूनचा माझा मित्र, ज्याला आम्ही मास्तर म्हणतो, त्यानं पेनड्राइव्ह पाठवला. फोनवर म्हणाला, "फुकटची सिस्टिम आहे, सगळ्यांनी मिळून केलेली. पहिल्या मिनिटापासून बोलते. फक्त डिस्क निवडायच्या पानावर तुझ्या मशीनचा आवाज तुटेल. तिथं मोजायचं. पहिला पेनड्राइव्ह, दुसरी तुझी डिस्क. एकदा खाली, मग एंटर. आणि पेनड्राइव्ह सोडून मशीनला जोडलेलं बाकी सगळं आधी काढून ठेव."

मी ते ब्रेलमध्ये टोचून घेतलं. लेक म्हणाली, "रविवारी येतेच आहे. थांब ना, बाबा." मी म्हटलं, मला काय हात नाहीत?

बायको जाऊन दोन वर्षं झाली. जाण्याआधी चार महिने ती माझ्यासाठी घर बोलून ठेवत होती. "दुसऱ्या खणात डावीकडे निळे शर्ट. तो चौकड्यांचा देऊन टाक, त्यात तू विदूषक दिसतोस." दोनशेच्या वर रेकॉर्डिंगं, सगळी एका छोट्या बाहेरच्या डिस्कवर. काहींत ती दम लागून थांबते. लेक कॉपी मागायची, मी टाळायचो. तिचं ते थांबणं फक्त माझं आहे, असं वाटायचं. स्वार्थीपणाच, दुसरं काय.

शनिवारी सकाळी, नव्या सिस्टिमवर ही रेकॉर्डिंगं कशी लागतील कोण जाणे म्हणून, पाठ असलेल्या बटणांनी एक लावलं. शर्टांचंच. ते ऐकून हुरूप आला आणि मी लगेच कामाला लागलो.

नव्या सिस्टिमचा आवाज घोगरा होता, पण बोलत होता. भाषा, कीबोर्ड, पासवर्ड, सगळं धडाधड केलं. मास्तरच्या सल्ल्यानं कुलूपबंद डिस्कचा पर्याय घेतला. त्यात आधी पूर्ण डिस्क नव्यानं भरली जाते, जुनं काहीच उरत नाही. मग आवाज तुटला. मी मोजलं. एकदा खाली, मग एंटर.

चार तास लागले. मी चहा पीत बसलो होतो. खरं सांगतो, फुशारलो होतो. मास्तरला फोन करून म्हणालो, "बघ, जमलं."

संपल्यावर पेनड्राइव्ह काढला आणि मशीन सुरू केलं. जुन्या सिस्टिमचीच धून वाजली. ती वाजायलाच नको होती. मी टेबलावर हात फिरवला. वायरच्या टोकाला बायकोची डिस्क होती, जोडलेली, आणि चांगलीच तापलेली.

यादीत तीच दुसरी आली होती.

मास्तरनं फोनवर एकच विचारलं, "कुलूपबंद केलीस?" मी हो म्हणालो. त्यानंतर मी ती डिस्क थंड होईपर्यंत हातात धरून बसलो.

रविवारी लेक आली. दारातच तिनं एक खोकं माझ्या हातात कोंबलं. "नवी डिस्क. आज आईचं घेतल्याशिवाय हलणार नाही. काय भांडायचं ते भांड."

"बस जरा," मी म्हणालो.

"आता कसलं कारण?"

"कारण नाही. कालपासून माझ्याकडेही ते नाही."