कप्तानाने मागे वळून पाहिले का?

"आधी हात पुसून ये, मग बटणाला बोट लाव! लिंबाच्या वड्या खाल्लेल्या हातांनी त्याला शिवायचं नाही!"

आर्विडचा हा दरडावणीचा आवाज माझ्या आठवणीत अजून ताजा आहे. मित्रांनो, मी एक जुना व्हीसीआर आहे. पोटात कॅसेट घ्यायची आणि टीव्हीवर चित्र दाखवायचे, एवढेच माझे काम. पण सरोवराकाठच्या डुलूथ गावच्या चर्चच्या तळघरात मला न्यायाधीशाचा मान होता.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या बायकांनी माझ्या पोटातले चक्र मऊ कापडाने पुसले आणि मला खोक्यात निजवले. या गोठवणाऱ्या सरोवराकाठी मला आणले ते आर्विडने. तो बंदरावर खनिजाची जहाजे भरायचा. दिवसभर लोखंडाच्या लाल धुळीत राबणारा हा माणूस संध्याकाळी मात्र ताऱ्यांत राहायला जाई. 'दूरचे दिवे' ही अंतराळाची मालिका म्हणजे त्याचा जीव की प्राण.

मालिका फार जुनी. तिचे नवे नवे अवतार निघाले, पुस्तके निघाली, लेखक बदलले. मग एकाच माणसाची दोन जन्मगावे झाली, मेलेली माणसे पुढच्या भागात जेवायला बसली. यातले खरे कोणते आणि उपरे कोणते, हे ठरवायला दर गुरुवारी तळघरात चाहत्यांचे मंडळ जमे. त्यांचा नियम एकच होता. पडद्यावर दिसले ते खरे! पुस्तकातले नाही, लेखकाने मुलाखतीत सांगितलेले तर मुळीच नाही. आणि पडद्यावर दाखवणारा कोण? मी!

वाद पेटला की कोणीतरी ओरडे, "लावा रे ती फीत!" एकदा मालिकेतल्या एका खलाशाच्या बाहीवर पट्टे दोन की तीन, यासाठी मला एकाच चित्रावर केवढा वेळ उभे केले होते. मी चित्र हलू दिले नाही. पट्टे तीन निघाले आणि पैज हरलेल्या, मंडळातल्या ऑर्लिनला सगळ्यांचे कॉफीचे पेले विसळावे लागले. काय सांगू, त्या दिवशी मी अभिमानाने नुसता गरम झालो होतो.

सगळ्यांत मोठा वाद होता कप्तान ऑस्टरचा. बर्फाळ चंद्रावर त्याची यानचालक थेसा मागे राहते आणि यान उडून जाते. हा भाग आर्विडने गावच्या टीव्ही केंद्रावरून, पुनःप्रसारण चालू असताना, माझ्याकडून टिपून घेतला होता. त्यात कप्तान मागे वळूनही पाहत नाही. म्हणून मंडळाने ठरवून टाकले, ऑस्टर पळपुटा! नंतरच्या मालिकेत त्याचा पुतळा उभारला, तेव्हा आमच्या मंडळींनी टीव्हीकडे पाठ फिरवली.

एकट्या व्हर्नाला हे मान्य नव्हते. ती शाळेत मुलांचे जेवण रांधायची. मंडळासाठी लिंबाच्या वड्याही तीच आणायची.

"तो वळला होता," ती म्हणाली. "दार उघडून त्यानं तिला हाका मारल्या. पहिल्या प्रसारणात मी या डोळ्यांनी पाहिलंय."

"पाहिलंयस ना? मग दाखव," आर्विड म्हणाला.

"मी काय ते खिशात घेऊन फिरते?"

"अगं, स्वप्नातले भाग धरायचे झाले," ऑर्लिनने टोमणा मारला, "तर थेसानं माझ्याशी कधीच लग्न केलंय!"

सगळे खो खो हसले. व्हर्ना हसली नाही. "त्या खोक्यावर विश्वास आहे तुमचा. माझ्यावर नाही," एवढेच ती बोलली. तिने वड्यांच्या डब्याला झाकण लावले, कोट चढवला आणि जिना चढून गेली. ती पुन्हा आली नाही.

पुढे डीव्हीडीच्या चकत्या आल्या. ऑस्टरचा तो भाग मालिका काढणाऱ्या कंपनीकडेच उरला नव्हता, त्यामुळे चकतीवरही आला नाही. माझे भाईबंद कचऱ्यात गेले. मी कोपऱ्यात पडलो, माझ्यावर खुर्च्या रचल्या गेल्या. तरी आर्विड अधूनमधून यायचा आणि माझे चक्र स्पिरिटने पुसून जायचा.

एका हिवाळ्यात सरहद्दीपलीकडच्या थंडर बे गावाहून ऐला नावाची बाई मंडळाची पाहुणी म्हणून आली. तिच्या वडिलांनी तोच भाग त्यांच्या केंद्रावरून टिपला होता. आर्विडने मला खुर्च्यांखालून काढले, हात पुसले आणि तिने आणलेली फीत घातली.

आमच्या फितीत एका जागी संगीत खटकन तुटायचे. या फितीत ते तुटले नाही. यानाचे दार उघडले. वादळात उभा राहून कप्तान ऑस्टर ओरडला, "थेसा!" तो पुन्हा पुन्हा ओरडत राहिला. त्याचा आवाज बसला, तेव्हाच दार मिटले.

"आम्हाला वाटायचं, फीत झिजलीय," ऑर्लिन पुटपुटला.

"तुमच्या केंद्रानं जाहिरातींसाठी कात्री लावली असणार," ऐला म्हणाली.

मित्रांनो, मी पदरचे एकही चित्र कधी घातले नाही, आणि याचा मला आजही अभिमान आहे. पण माझ्या हाती आले तेच अर्धे होते. यंत्राला मिळेल तेवढेच दिसते. माणसाने मात्र शेजारी बसलेल्याचे डोळेही आपलेच मानावेत. जुन्या वस्तू जरूर जपा, मात्र वस्तूचे ऐकून माणूस तोडू नका.

मंडळाने हात वर करून ऑस्टरचा डाग पुसला. टाळ्या झाल्या. आर्विडने टाळी वाजवली नाही.

"ऑस्टरचं झालं," तो म्हणाला. "व्हर्नाचं काय?"

व्हर्ना आता दुसऱ्या गावी राहायची. त्याने तिथूनच तिला फोन लावला. सगळे सांगितले.

"मला आता नीट दिसत नाही रे," पलीकडून व्हर्ना म्हणाली.

"ऐकू येतं ना? त्याच्या हाका ऐकवायला आणतो. उद्याच."

"वेडा आहेस का? बाहेर बर्फ बघ किती आहे."

"येतो म्हटलं ना. वचन."

सकाळी त्याने मला लोकरीच्या घोंगडीत गुंडाळले. ऐलाची फीत कोटाच्या आत छातीशी धरली. मला पुढच्या सीटवर बसवून पट्टा बांधला. सरोवरावरून वाफा उठत होत्या. आर्विडने काचेवरचा बर्फ खरवडला आणि गाडी व्हर्नाच्या गावच्या रस्त्याला लावली.