भिंतीवरची दुसरी सावली

मित्रांनो, मी एक जुना कंदील आहे. माझी काच तडकली आहे, पत्र्याला गंज चढला आहे. पण एके काळी मी एका घराचा उजेड होतो. लोणंदच्या बाजारात हंबीररावांनी मला हौसेने विकत घेतले आणि थोड्याच दिवसांत ते पलटणीत गेले. मागे राहिल्या त्यांची आई मनुबाई आणि बायको हरणाबाई.

हरणाबाई माहेरी चार बुकं शिकली होती. लढाईमुळे रॉकेल रेशनवर मिळे, तरी दिवेलागणीला ती मला जमिनीवर ठेवून आपल्या मनातले लिहीत बसे. कोंबडी खुडूक बसली, पाटाचे पाणी उशिरा आले, आज धन्याची लय सय आली, असले काहीबाही. लिहून झाले की ती हलकी होई. माझी काच ती रोज राखेने लख्ख पुसे. तेवढा मान मला पुढे कधी मिळाला नाही.

एका उन्हाळ्यात लोणंदला तंबूतला सिनेमा आला. गावच्या बायकांबरोबर हरणाबाई गेली. परतीच्या वाटेसाठी मला घेतले. तिने जन्मात पाहिलेले ते पहिलेच चित्र, आणि ते भुताचे होते. बुडून मेलेला नवरा ओल्या पावलांनी घरी येतो. बायको दार उघडते. पाहते तर त्याला तोंडच नसते. नाक नाही, डोळे नाहीत, नुसते कोरे. तेव्हा हरणाबाईने पदराने डोळे झाकून घेतले.

घरी येताना माझ्या उजेडात कुंपणावरून सावल्या चालू लागल्या. हरणाबाई धावतच सुटली.

त्यानंतर तिचे लिहिणे बंद पडले. लिहायला बसावे तर मला पेटवावे लागे, आणि मी पेटलो की भिंतीवर सावली पडे. उजेड देणे हेच माझे काम, आणि तिला धास्ती बसली ती माझ्याच उजेडाची. ती वात इतकी बारीक ठेवी की काच काजळून गेली. ती कोणी पुसेना. त्यातच पलटणीतून पत्रे येईनाशी झाली.

एके दिवशी चुलीपुढे ती सासूला हळूच म्हणाली, "आत्याबाई, ह्यांचं तोंडच आठवंना झालंय मला. आठवाय गेलं की ते शिनिमातलं कोरं तोंड म्होरं येतंय."

मनुबाईने चुलीतले लाकूड आत सारले. मग म्हणाली, "मला बी आता अंधुकच दिसतंय, पोरी. घरात एक फोटू बी न्हाई त्याचा."

पावसाळा सरला आणि तोच तंबू तेच चित्र घेऊन परत आला. बायकांनी हरणाबाईला घरीच राहायला सांगितले. तिने ऐकले नाही. "त्येच तोंड बघाय निघालीया," ती म्हणाली, "डोळं न झाकता."

या खेपेला ती मला घेऊन अगदी पुढे बसली. मेलेला दाराशी आला. तिने नजर हटवली नाही. आणि तेव्हा तिला दिसले की त्या तोंडावर पांढरे फडके ताणून बांधले होते. कानामागे त्याची गाठ होती.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला तिने माझी काच पुसली आणि लिहायला घेतले. डावी भुवई बैलाच्या शिंगाने मधोमध तुटलेली. वरचा एक दात वाकडा, म्हणून हसताना ओठावर हात. कानाची पाळी बाळपणी टोचलेली. ओळीमागून ओळ उतरत गेली आणि ती रडू लागली, कारण तोंड आठवत होते.

मग तिचा हात थांबला. मीही पाहिले.

मित्रांनो, माझ्यापुढे जे असते त्याचीच सावली मी पाडतो. घरात हरणाबाई एकटीच होती. मनुबाई गोठ्यात धार काढत होती. भिंतीवर मात्र दोन सावल्या होत्या. दुसरी तिच्या अगदी जवळ बसली होती. त्या सावलीच्या डोक्यावर पलटणीतली टोपी होती.

हरणाबाईने माझी वात वर केली. सावली गेली नाही, अधिकच गडद झाली. तिने पदर सावरला. "बसा वाईच," ती म्हणाली, "झालंच हाय." आणि तिने उरलेली ओळ पुरी केली.

मनुबाई दुधाची चरवी घेऊन आत आली तेव्हा भिंतीवर एकच सावली होती.

पुढचा बाजार भरायच्या आत तार आली. हंबीरराव पावसाळ्यातच ब्रह्मदेशात लढाईत पडले होते.

मनुबाई जेवेना, रडेना. लेकाचे तोंड डोळ्यांपुढे येत नाही, एवढेच ती म्हणत राही. तेव्हा हरणाबाईने मला दोघींच्या मध्ये ठेवले आणि ते पान वाचायला घेतले. भुवईची ओळ आली तशी म्हातारीने डोळे मिटले. "व्हय," ती म्हणाली, "बैलानं मारलं तवा एवढासा हुता." पान संपले. तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. तिने एवढेच म्हटले, "परत वाच."

हरणाबाईने परत वाचले.

आता घरात वीज आली आहे आणि मी गोठ्यात खुंटीला टांगलेला असतो. मित्रांनो, तुमच्या घरी असा कोणी अडगळीत पडला असेल तर त्याची काच तेवढी पुसून ठेवा. आणि ज्या माणसाचे तोंड पुसट होऊ लागले असेल, ते उजेड आहे तोवर लिहून काढा. लिहिताना भीती वाटली, तर वात वर करा.